कुळागराची वाट आणि बावीस इंची चाकं

माझ्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी एक मोठी, परदेशी बनावटीची, सेकंडहँड एसयूव्ही घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात बिचाऱ्या गाडीचा काही दोष नव्हता. एअर सस्पेन्शन, डोक्यावर अख्खी काच, पाठ चेपून देणाऱ्या सीटा आणि बावीस इंची चकचकीत अलॉय. पणजी ते फोंडा ही गाडी तरंगत जाते. पण आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, सत्तरीत, वाळपईच्या पुढे. डांबर संपल्यावर शेवटचा दीडेक किलोमीटर लाल माती, मध्ये जांभ्याचा उघडा सडा, एक व्हाळ म्हणजे ओढा, आणि मग पोफळींमधून उतरणारी शेवाळलेली वाट. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो गाडी घेऊन गेला आणि व्हाळापर्यंत पोचायच्या आतच रुतला.

शेजारचा ट्रॅक्टर आला. बंपरवरचं छोटं झाकण काढून आत फिरवून बसवायचा जो हूक गाडीसोबत मिळतो, त्याला लोखंडी साखळी लावली आणि तिरकं ओढलं. हूक वाकला, बंपर चिरला, गाडी जागची हलली नाही. ट्रॅक्टरवाले काका बराच वेळ टायरकडे बघत होते. मग म्हणाले, "बाब, टायरातली हवा काढ आधी."

हवा काढली. गाडी स्वतःच्या पायांनी बाहेर आली.

रात्री त्याचा फोन. "दादा, गाडी उंच करायला लिफ्ट किट बसवू? पाण्यासाठी स्नॉर्केल लावू? पुढचा बंपर लोखंडी करून घेऊ?" सव्वा दोन टनांच्या, पाचशे सेन्सरांच्या गाडीला लोक जे पहिलं विचारतात तेच त्यानेही विचारलं: काय लावू? माझं म्हणणं असं की अशा गाडीत कारखान्याने ऑफरोडिंगची, म्हणजे रस्ता सोडून चालण्याची, बहुतेक तयारी आधीच करून ठेवलेली असते. शोरूममध्ये ती देखणी दिसावी म्हणून त्या तयारीवर जे चढवलेलं असतं, ते आधी उतरवायचं. लावायचं ते नंतर, आणि अगदी थोडं.

सगळ्यात आधी उतरवायची ती चाकं. टायरच्या अंगावर २७५/४५ आर २२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे या टायरची भिंत २७५ च्या ४५ टक्के, जेमतेम १२४ मिलिमीटर. रिमच्या कडेपासून दगडापर्यंत तेवढंच रबर. आता २५५/६५ आर १९ घ्या. भिंत होते १६६ मिलिमीटर, साधारण चार सेंटिमीटर जास्त. आणि गंमत म्हणजे चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो: पहिल्याचा ८०६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ८१४. फरक एक टक्का. त्यामुळे स्पीडोमीटर फारसा चुकत नाही, एबीएस आणि गिअरबॉक्सची गणितं बिघडत नाहीत, चाक मडगार्डला घासत नाही. धातू कमी केला आणि रबर वाढवलं, एवढंच.

आणखी खाली उतरून अठरा इंची रिम बसेल का, हे गाडीच्या ब्रेकवर ठरतं. ताकदवान इंजिनांच्या गाड्यांना मोठे कॅलिपर, म्हणजे ब्रेक आवळणारे जबडे, असतात आणि लहान रिम त्यांच्यावरून जातच नाही. उत्तम मार्ग म्हणजे त्याच मॉडेलच्या साध्या व्हेरियंटला कंपनीने कुठला साइज दिलाय ते बघणं आणि आपल्या इंजिनाला तो चालतो का ते विचारून तोच घेणं. कायद्याच्या बाजूनेही हाच रस्ता निर्धोक, त्यावर पुढे येतोच. एक आकडा मात्र विसरायचा नाही: लोड इंडेक्स. साइजनंतर लिहिलेला ११३ म्हणजे एक टायर ११५० किलो पेलतो. जुन्या टायरपेक्षा हा आकडा कमी चालणार नाही, मग दुकानदार कितीही शपथा घेवो.

टायरची जात ऑल-टेरेन घ्यावी, म्हणजे डांबर आणि माती दोन्हींवर चालणारी. मड-टेरेनचे मोठे ठोकळे चिखलात छान चावतात, पण पावसात भिजलेल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते आणि आवाज इतका होतो की पाठ चेपणारी सीटही तुम्हाला शांत करू शकणार नाही. वर्षातले साडेतीनशे दिवस गाडी डांबरावरच असते. आणि डिकी उघडून स्टेपनी बघा. महागड्या गाड्यांत बहुधा तात्पुरतं बारीक चाक असतं, किंवा नुसता पंक्चरचा डबा. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत एक चाक वेगळ्या व्यासाचं लावून चिखलात फिरणं म्हणजे आतल्या दातेऱ्यांना छळणं. पाचवं चाक पूर्ण साइजचं, त्याच टायरचं हवं.

आता काकांच्या हवेकडे येऊ, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक बदल तोच आहे. ढोबळ हिशेब करू. गाडी २३०० किलोची, म्हणजे एका चाकावर ५७५ किलो. टायरात ३६ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण अडीच किलोचा दाब. ५७५ किलो पेलायला टायर जमिनीवर सुमारे २२७ चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा २० पीएसआयवर आणली की तेच वजन पेलायला ४०९ चौरस सेंटिमीटर टेकावं लागतं. प्रत्यक्षात टायरची भिंतही थोडा भार घेते, त्यामुळे आकडे इतके काटेकोर येत नाहीत, पण ठसा जवळपास दुप्पट होतो हे खरं. आणि तो रुंदीने फारसा वाढत नाही, लांबीने वाढतो. रणगाड्याचा पट्टा आठवा.

आम्ही हे करून पाहिलं. नवीन टायर आल्यावर वाटेच्या तोंडाशी, पुढच्या डाव्या चाकाखाली जुनं वर्तमानपत्र घालून गाडी त्यावर चढवली आणि उतरवली. लाल चिखलाचा ठसा उमटला: आडवा, आखूड, माझ्या चार बोटांहून थोडा लांब. मग भावाने व्हॉल्व्हच्या पिनवर गाडीची किल्ली दाबून धरली. फुस्स आवाज, ओल्या रबराचा वास, दर अर्ध्या मिनिटाने गेज लावून बघणं. २० वर आल्यावर दुसरा कागद. या वेळी ठसा वीतभर. दोन्ही कागद शेजारी धरून भाऊ काही बोलला नाही, नुसता हसला.

नियम एवढेच: हवा कमी असताना वेग कमी, झटका देऊन वळायचं नाही, आणि १५ च्या खाली जायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटू शकतो. डांबर लागलं की थांबून हवा परत भरायची. त्यासाठी बॅटरीवर चालणारा चांगला कंप्रेसर आणि विश्वासाचा गेज, ही माझ्या मते पहिली खरी खरेदी. डॅशबोर्डवर हवा कमी असल्याचा दिवा पेटून राहील. पेटू दे.

उतरवायची दुसरी वस्तू म्हणजे दारांखालचे फुटबोर्ड. आजीला चढायला बरे पडतात हे कबूल, पण दोन चाकांच्या मधल्या पोटाला तेच लटकलेले असतात. इथे तीन कोन समजून घ्यावे लागतात. पुढच्या चाकापासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत रेघ काढली की तिचा जमिनीशी जो कोन होतो, तेवढा चढ नाक न घासता चढता येतो. मागच्या बाजूला तसाच उतरतानाचा कोन. तिसरा पोटाचा: शेताचा बांध ओलांडताना पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि पोट बांधावर टेकलेलं, अशी गत होते की नाही ते हा कोन ठरवतो. लँड रोव्हर डिफेंडर ११० चे एअर सस्पेन्शनवर पूर्ण उचलल्यावरचे जाहीर आकडे पाहा: पुढे ३८ अंश, पोटाला २८, मागे ४०, आणि जमिनीपासून उंची २९१ मिलिमीटर. पोटाचा कोन सर्वात लहान आहे, आणि फुटबोर्ड त्यातलाच घास खातात. बंपरखाली चिकटवलेला स्पोर्टी ओठ पुढचा खातो. दोन्ही बोल्टवर असतात, काढून माळ्यावर ठेवायचे.

"हे कोन आणखी वाढवायला लिफ्ट किट," असं गॅरेजमधला पोरगा सांगतो. साध्या स्प्रिंगच्या जीपला ते ठीक. एअर सस्पेन्शनचं काम वेगळं असतं. स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे, त्यांत हवा भरणारा कंप्रेसर, आणि प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर. सेन्सरला जोडलेली बोटभर दांडी बदलून आखूड-लांब केली की कॉम्प्युटर फसतो, गाडी खाली बसली आहे असं समजून फुगे आणखी फुगवतो. झालं लिफ्ट किट, काही हजारांत. पण फुगा आधीच पूर्ण ताणलेला असल्याने खड्ड्यात चाक आणखी खाली उतरू शकत नाही, ते हवेत लटकतं. चाकांकडे जाणारे अ‍ॅक्सल तिरक्या कोनात फिरत राहतात आणि त्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटतात. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. माझं मत स्पष्ट आहे: एअर सस्पेन्शनला हात लावू नये. कंपनीने दिलेली ऑफरोड उंची वापरावी, ती फक्त कमी वेगात टिकते आणि वेग वाढला की गाडी आपोआप खाली बसते हे लक्षात ठेवावं. घरी आल्यावर फुग्यांच्या घड्यांतली माती पाण्याने सोडवून काढावी, कारण तीच माती पुढे रबर घासून भोक पाडते.

आता पोटाखालचं. बहुतेक महागड्या एसयूव्हींच्या इंजिनाखाली जे काळं आवरण दिसतं ते प्लास्टिक असतं. वारा कापायला आणि आवाज दाबायला ते छान, दगडाला काही नाही. आमचा जांभा तर फसवा. चिरेखाणीत करवतीने कापता येतो इतका मऊ, पण वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाल्लेला सड्यावरचा जांभा लोखंडासारखा, आणि पावसाळ्यात गुडघाभर गवताखाली लपलेला. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्सखाली धातूची बॅश प्लेट, हा लावायच्या वस्तूंतला पहिला नंबर. पोलाद दगडावर सहज सरकतं आणि स्वस्त, पण जड. अ‍ॅल्युमिनियम हलकं, मात्र दगडात रुतून खरवडतं. कुठलंही घ्या, त्यात पाणी निचरायला भोकं आणि ऑइल बदलायला झाकण हवं. नाहीतर आत साचलेला लाल चिखल महिनाभर ओला राहतो. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना आणखी एक सूचना: अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटला स्टीलचे बोल्ट थेट लावले तर खाऱ्या हवेत दोन धातूंमध्ये छोटी बॅटरीच तयार होते आणि बोल्टाभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन गळतं. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बोल्टाला ग्रीस, एवढं सांगून मेस्ताकडून करून घ्यावं.

वाकलेल्या हुकाची गोष्ट अर्धी राहिली. तो हूक बंद पडलेली गाडी रस्त्यावर सरळ ओढायला असतो. चिखलाने गिळलेली गाडी तिरकी उपटायला नसतो. चिखल गाडीला धरून ठेवतो, त्यामुळे बाहेर काढायला लागणारं बळ गाडीच्या वजनाइतकं, कधी त्याहून जास्तही होतं. तेव्हा चासीला बोल्टने पक्का बसणारा, किती टन पेलतो ते कोरलेला रिकव्हरी पॉइंट पुढे आणि मागे हवा. काही गाड्यांना तो कारखान्यातूनच असतो, मॅन्युअल उघडून बघा. साखळीऐवजी ताणला जाणारा नायलॉनचा दोर, जो रबरासारखा लांबतो आणि झटका सौम्य करतो. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर कधीच अडकवू नका. तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, आणि माणसं मेली आहेत यात. दोरावर भिजवलेलं गोणपाट टाका आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांब उभं करा. गावात बघे खूप असतात, हा धोका मी विनोदाने सांगत नाही. एकटे असाल तर चाकाखाली सरकवायच्या दोन दातेरी प्लास्टिक पट्ट्या आणि फावडं. दोरापेक्षा त्यांनीच आम्हाला जास्त वेळा तारलंय.

मग डिफरन्शियल लॉक? डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारे दाते, आणि लॉक म्हणजे ती दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकणं. त्याचं काम समजायला कुळागरातला पाट बघा. एका पाटाचे दोन फाटे केले आणि एकात अडथळा असला तर पाणी मोकळ्या फाट्याने पळतं. साध्या डिफरन्शियलमध्ये ताकदही अशीच पळते, चिखलात गरगरणाऱ्या चाकाकडे. दगडावर पकड असलेलं चाक ढिम्म. माळी काय करतो? मोकळ्या फाट्यात मातीचं ढेकूळ टाकतो, पाणी दुसरीकडे वळतं. गाडीचं ट्रॅक्शन कंट्रोल नेमकं हेच करतं: गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद पलीकडे ढकलतं. त्याला काम करायला क्षण-दोन क्षण लागतात. लोक तेवढ्यात घाबरून पाय काढतात, आणि मग म्हणतात गाडी चढत नाही. अ‍ॅक्सिलरेटर हलका पण स्थिर ठेवा, ते कट-कट-कट आवाज येऊ द्या. हलक्या बदलांच्या यादीत वेगळा लॉक बसवायची गरज मला दिसत नाही.

व्हाळ हे मोठं प्रकरण. डिफेंडरची जाहीर क्षमता ९०० मिलिमीटर पाण्याची आहे, म्हणजे कंबरेच्या आसपास. पण ही खोली साचलेल्या पाण्याची. वरच्या डोंगरात पाऊस पडला की आमचा व्हाळ अर्ध्या तासात रंग बदलतो. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि काठी हातातून ओढली जात असेल, तर कुठलीच गाडी घालायची नाही. स्नॉर्केलने इंजिनाची हवा वरून घेतली जाते इतकंच. गाडी त्याने पाणबुडी होत नाही. इंजिनात पाणी शिरलं तर मात्र खेळ खलास: हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टनची दांडी वाकते. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा मोह टाळा. विम्यातही हे नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं.

स्नॉर्केलपेक्षा मी ब्रीदरकडे बघायला सांगेन. गरम भाजीचा डबा घट्ट झाकून ठेवला की निवल्यावर झाकण आत ओढलं जातं. तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडलं की आतली हवा तशीच आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ते पाणी नसून हवाच असावी म्हणून बारीक नळी असते, तिचं नाव ब्रीदर. नळीचं तोंड पाण्याखाली असेल किंवा चिखलाने बुजलं असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत जातं आणि ऑइल दुधाळ होतं. नळी लांबवून इंजिनाच्या खोलीत उंच नेणं, हा काही शे रुपयांचा बदल. तुमच्या गाडीत ती कारखान्यातूनच उंच असू शकते, आधी बघून घ्या. पाण्यात शिरताना चालण्याच्या वेगाने, थांबायचं नाही. बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक लावून डिस्क कोरड्या करा आणि कॅमेरे, पार्किंग सेन्सर पुसा. चिखलाने आंधळी झालेली गाडी मोकळ्या रस्त्यावरही किंचाळते.

लोखंडी बंपरला मी भावाला सरळ नाही म्हटलं. महागड्या गाडीच्या बंपरमागे रडार आणि सेन्सर असतात, आणि नाक किती वेळात कसं चेपतं यावर एअरबॅग कधी उघडायची ते ठरलेलं असतं. पुढे लोखंड ठोकलं की ते गणित कोणालाच ठाऊक राहत नाही. शिवाय डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे क्रॅश गार्ड मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ विरुद्ध असल्याचं राज्यांना कळवलं. हेच कलम सांगतं की आरसीवरचा तपशील मूळ बनावटीपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ ए मध्ये बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड आहे. म्हणूनच मी कंपनीच्या साइजचे टायर, दिसत नसलेली प्लेट आणि डिकीत मावणारं सामान इथेच थांबतो. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीभोवती फिरताना काय काय लिहून घेतो, ते एकदा पाहिलेला माणूस लोखंड लावत नाही.

गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफरोडिंगच्या स्पर्धा झाल्या आहेत, त्यातल्या गाड्या बघून डोकं फिरतं हे मान्य. त्या गाड्या ट्रकवर घालून आणतात, बहुतेकांना काच नाही, गालिचा नाही. तुम्हाला सोमवारी ऑफिसला जायचंय.

कुठे फिरवायची, तर स्वतःच्या किंवा ओळखीच्या जमिनीत, मालकाला विचारून. मोरजी-आश्वेच्या वाळूत गाडी घालणं गुन्हा आहे. दरवर्षी कोणीतरी घालतो, भरती येते, व्हिडिओ निघतो, पोलीस येतात. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत, परवानगीशिवाय आत जायचं नाही. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्यांच्या मागे आपली गाडी काढायचा विचारही नको. पण ते चालक नदी कशी ओलांडतात ते जीपमध्ये बसून जरूर बघा. साध्या जीप, ना दिवे ना स्नॉर्केल. पाण्याखालचा प्रत्येक दगड मात्र तोंडपाठ.

भाऊ आता एकोणीस इंचांवर फिरतो. जुलैत दोनदा कुळागरात जाऊन आला, एकदा पट्ट्या घालाव्या लागल्या. ती बावीस इंची चाकं सुपारीच्या खोलीत एकावर एक रचून ठेवली आहेत, वर टरफलांची पोती. नोव्हेंबरात त्याच्या मेव्हणीचं लग्न आहे, तेव्हा परत चढवायची म्हणतो.